फिनाइल अझाइडवर उजेड टाकला की दरवेळी डांबरच का मिळतं?

दर वर्षी डिसेंबर-जानेवारीत, एमएस्सीच्या प्रोजेक्टची मुलं पहिल्यांदा फोटोरिअ‍ॅक्टर लावतात तेव्हा, मला एकच फोटो वेगवेगळ्या नंबरांवरून येतो. क्वार्ट्झच्या जॅकेटवर तपकिरी थर, खाली काकवीसारखं काहीतरी, आणि सोबत ओळ: ‘दादा, फिनाइल अझाइड लावलं होतं, नायट्रीन मिळायला हवं होतं, पण टीएलसीवर बेसलाइनपासून वरपर्यंत नुसती रेघ आली आहे. दिवा आणखी चालू ठेवू का?’

नका ठेवू. आधी दिवा बंद करा, मग पुढचं वाचा. (नव्यांसाठी: फिनाइल अझाइड म्हणजे बेन्झीनच्या वलयाला लागलेली तीन नायट्रोजनांची साखळी. उजेड पडला की त्यातले दोन वायू होऊन सुटतात आणि एकच नायट्रोजन उरलेला, भुकेला रेणू राहतो, तो नायट्रीन. टीएलसी म्हणजे मिश्रणातले पदार्थ डाग पाडून वेगळे दाखवणारी पट्टी, आणि जॅकेट म्हणजे दिव्याभोवतीचं काचेचं आवरण.)

मी हे स्वतः केलेलं आहे म्हणून एवढ्या ठामपणे सांगतो. पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी दोन-सव्वादोन ग्रॅम फिनाइल अझाइड शंभर मिली सायक्लोहेक्झेनमध्ये घातलं आणि रात्रभर दिवा लावून घरी गेलो. वहीत लिहिलं होतं, नायट्रीन सायक्लोहेक्झेनच्या सी-एच बंधात घुसेल आणि एन-सायक्लोहेक्झिल अनिलीन मिळेल. सकाळी आलो तर द्रावण काळंभोर, जॅकेटवर लाखेसारखी चकाकती तपकिरी खपली. कॉलम चालवला. पहिल्या चार टेस्टट्यूबमध्ये थोडा नारिंगी पदार्थ उतरला, बाकी सगळं सिलिकाच्या माथ्यावर जे बसलं ते मेथॅनॉलनेही हललं नाही. मी काय केलं? दुसऱ्या दिवशी दिव्याचा वेळ दुप्पट केला.

गडबड दिव्याच्या वेळेत नव्हती, वहीतल्या त्या वाक्यात होती.

नायट्रीन तुमच्यासाठी थांबत नाही

पुस्तकात कार्बीनच्या (नायट्रीनसारखाच, पण नायट्रोजनऐवजी कार्बन भुकेला असलेला रेणू) शेजारी नायट्रीन छापलेलं असतं, म्हणून आपण धरून चालतो की दोघांच्या सवयी सारख्याच असणार. फिनाइलकार्बीनचं सिंगलेट रूप (म्हणजे दोन मोकळ्या इलेक्ट्रॉनांची फिरकी एकमेकांविरुद्ध असलेलं) आजूबाजूच्या बंधांवर झडप घालतं, हे खरं. फिनाइलनायट्रीनचं तसं नाही. त्याच्या सर्वांत खालच्या सिंगलेट अवस्थेत दोन इलेक्ट्रॉन एकाच कक्षेत जोडीने बसलेले नसतात. एक नायट्रोजनवर राहतो, दुसरा बेन्झीनच्या वलयाशी संधान बांधून त्यात पसरतो. त्यामुळे बाहेरच्या रेणूवर हल्ला करण्यापेक्षा स्वतःच्याच वलयात शिरणं त्याला सोपं जातं. नायट्रोजन शेजारच्या कार्बनकडे वळतो, तीन सदस्यांचं बेन्झअझिरीन होतं, ते लगेच उघडतं आणि सात सदस्यांचं वलय तयार होतं. त्यात कार्बन-कार्बन आणि कार्बन-नायट्रोजन असे दोन दुहेरी बंध एकाच कार्बनला लागून असतात. हे वाकवून बसवलेलं केटेनिमाइन. तुमच्या फ्लास्कमध्ये खोलीच्या तापमानाला मुख्य पात्र हेच आहे, नायट्रीन नव्हे.

याला लागणारा वेळ बघा. १९९७ साली दोन गटांनी, अमेरिकेत मॅथ्यू प्लाट्झ आणि निना ग्रित्सान यांनी आणि बाझेलमध्ये याकोब विर्झ यांच्या गटाने, लेसरच्या स्पंदांनी सिंगलेट फिनाइलनायट्रीन प्रत्यक्ष पाहिलं. ३५० नॅनोमीटरच्या आसपास त्याचं शोषण दिसतं आणि खोलीच्या तापमानाला ते साधारण एक नॅनोसेकंद जगतं. एका नॅनोसेकंदात त्याने सायक्लोहेक्झेनचा रेणू पसंत करावा, त्याच्या सी-एच बंधात शिरावं, ही माझी अपेक्षा होती. पावसात उघड्यावर पापड वाळत घालण्यातला प्रकार.

केटेनिमाइन मात्र त्या मानाने निवांत असतं. त्याच्या मधल्या कार्बनला इलेक्ट्रॉनांची भूक असते. अमाइन मिळालं तर ते पकडतं आणि अझेपीन (नायट्रोजन असलेलं सात सदस्यांचं, टिकणारं वलय) होतं. काहीच मिळालं नाही तर ते स्वतःच्याच भावंडांना किंवा न फुटलेल्या अझाइडला चिकटतं, ती साखळी वाढते आणि तेच तुमचं डांबर. म्हणजे डांबर हे ‘रिअ‍ॅक्शन झाली नाही’ याचं लक्षण नाही. रिअ‍ॅक्शन अगदी जोरात झाली, फक्त केटेनिमाइनला हात धरायला कोणी नव्हतं.

गंमत अशी की हे सात सदस्यांचं वलय नायट्रीन या नावापेक्षा आधी लोकांच्या हाती लागलं होतं, त्यांना ते ओळखू आलं नाही एवढंच. पेटर ग्रीस याने १८६४ साली फिनाइल अझाइड बनवलं. १९१२ मध्ये वोल्फ याने ते अनिलीनमध्ये तापवलं आणि त्याला एक पदार्थ मिळाला, ज्याची रचना त्याला लावता आली नाही. ती १९५८ मध्ये ह्युझगेन यांनी लावली: अझेपीन. १९६६ मध्ये डोअरिंग आणि ओडम यांनी उष्णतेऐवजी प्रकाश आणि अनिलीनऐवजी डायइथिलअमाइन वापरलं. आज आपण प्रोजेक्टमध्ये करतो तो प्रयोग हाच. आणि १९७८ मध्ये चॅपमन आणि ल रू यांनी गोठवलेल्या अर्गॉनमध्ये केटेनिमाइनला पकडून त्याचा इन्फ्रारेड घेतला, १८९० सेमी⁻¹ च्या आसपास त्याचा पट्टा दिसला. तोवर मधला गडी बेन्झअझिरीन की केटेनिमाइन यावर भरपूर वाद होता.

उपाय: आधी पातळ करा

दहातल्या सात-आठ तक्रारी इथेच मिटतात, म्हणून बाकी काही करण्याआधी हे करा. अझाइडची तीव्रता ५ ते १० मिलिमोलरवर आणा. फिनाइल अझाइडचा रेणुभार ११९ आहे, म्हणजे शंभर मिलीत ६० ते १२० मिलिग्रॅम. हो, एवढंच. माझ्या त्या पहिल्या रात्री मी ०.२ मोलर वापरलं होतं, म्हणजे वीस ते चाळीसपट. जास्त माल हवा असेल तर मोठा फ्लास्क घ्या किंवा तीनदा लावा, पण द्रावण दाट करू नका.

आणि अमाइन भरपूर घाला. अझाइडच्या वीसपट तरी, शक्य असेल तर डायइथिलअमाइनच द्रावक म्हणून वापरा. इथे एक खोड सांगतो जी कुठल्याच कृतीत लिहिलेली नसते. डायइथिलअमाइन ५५-५६ अंशांना उकळतं. ऑक्सिजन काढायला म्हणून मुलं अर्धा तास नायट्रोजनचे बुडबुडे सोडतात, वर दिव्याची ऊब असते, आणि संध्याकाळपर्यंत अर्ध्याहून अधिक अमाइन फ्यूम हूडच्या धुराड्यातून निघून गेलेलं असतं. वहीत वीसपट लिहिलेलं, फ्लास्कमध्ये कदाचित पाचपट. वास आला की समजा. आधी नायट्रोजन सोडा, मग सेप्टममधून अमाइन घाला, त्यानंतर बुडबुडे बंद करून वरून फक्त फुग्याचा नायट्रोजन ठेवा.

फुगा म्हणजे बंद नळी नव्हे, हेही सांगून ठेवतो. प्रत्येक अझाइडमागे एक नायट्रोजन वायूचा रेणू सुटतो. सील केलेल्या नळीत कोणी हे केलं तर त्याला माझ्याकडे पाठवा, मी ओरडतो.

हा वायू खरं तर तुमचा सगळ्यात चांगला मापक आहे. टीएलसीवर रेघ असली तरी वायू खोटं बोलत नाही. फ्लास्कला गॅस ब्युरेट जोडा. एका मिलिमोल अझाइडमागे समुद्रसपाटीला २५ अंशांवर साधारण २४ मिली वायू येतो. पुण्यात हवेचा दाब कमी आहे आणि ब्युरेटमध्ये पाण्याची वाफही मिसळते, त्यामुळे २६-२७ मिली धरा. अपेक्षेच्या नव्वद टक्के वायू आला की दिवा बंद. उगाच पुढे तापवत बसू नका, कारण तयार झालेलं अझेपीनही प्रकाश शोषतं आणि त्याचं पुढे आत वलय मिटून दोन वलयांचं संयुग होतं. ‘सकाळी टीएलसीवर छान डाग होता, संध्याकाळी गेला’ अशी तक्रार येते तिचं कारण बहुतेकदा हेच.

आता वायूच येत नसेल तर प्रश्न वेगळा आहे.

वायू येत नाही: दिवा, काच आणि द्रावक

फिनाइल अझाइडचा जोरदार पट्टा २५० नॅनोमीटरच्या आसपास आहे, वर त्याची शेपटी २८०-३०० पर्यंत जाते. पायरेक्सची काच २९० च्या खालचा बहुतेक प्रकाश अडवते. म्हणजे क्वार्ट्झऐवजी पायरेक्सच्या नळीत ठेवलंत तर रिअ‍ॅक्शन मुंगीच्या पावलाने चालते. चालत नाही असं नाही, पण तुम्ही तिला तीन तास दिलेले असतात आणि तिला तीन दिवस हवे असतात. पॅरा-नायट्रो अझाइडचं शोषण ३२० च्या आसपास असल्याने त्याला पायरेक्स चालतं. मग कोणीतरी ‘माझं तर पायरेक्समध्ये झालं’ असं सांगतो आणि दुसरा त्याचं अनुकरण करतो. रेणू बदलला की काच बदलते. आपल्या अझाइडचा यूव्ही स्पेक्ट्रम एकदा घ्या, दिव्याच्या ओळी शेजारी ठेवा, दहा मिनिटांचं काम आहे.

द्रावकही तपासा. टोल्युईन किंवा बेन्झीनमध्ये २५४ नॅनोमीटरचा दिवा लावणं म्हणजे खिडकीला काळा कागद चिकटवून ऊन पडायची वाट पाहणं. ॲसिटोन तर अजूनच वाईट, ते नुसता प्रकाश अडवत नाही तर स्वतः ट्रिपलेट अवस्थेत (दोन मोकळ्या इलेक्ट्रॉनांची फिरकी एकाच दिशेने) जाऊन ती ऊर्जा अझाइडला देतं, आणि मग तुम्हाला अझेपीनऐवजी अझोबेन्झीन (दोन नायट्रीन जुळून होणारा नारिंगी पदार्थ) मिळू लागतं. हेक्झेन किंवा टीएचएफ घ्या. टीएचएफ जुनं असेल तर पेरॉक्साइड बघा.

आणि एकदा तर गोष्ट याहून साधी निघाली. एका मुलीच्या रिअ‍ॅक्शनला तीन रात्री लागोपाठ वायू अर्धवटच यायचा. अझाइड बरोबर, क्वार्ट्झ बरोबर, सगळं बरोबर. चौथ्या रात्री मी उशिरा थांबलो तेव्हा उलगडा झाला. आमच्या इमारतीत पहाटे दोन-अडीचला काही सेकंदांसाठी वीज जाते आणि परत येते. पंखे, फ्रिज, स्टरर सगळं पुन्हा सुरू होतं. मध्यम दाबाचा पाऱ्याचा दिवा मात्र होत नाही, गरम असताना तो पुन्हा पेटत नाही, थंड व्हायला काही मिनिटं लागतात. चोक नुसताच गुणगुणत राहतो, सकाळी येणाऱ्याला वाटतं, रात्रभर चालू होता. तेव्हापासून आम्ही दिव्याच्या लाइनला आठशे रुपयांचं तास मोजणारं मीटर लावलं आहे.

जॅकेटवरचा थर हेही एक कारण असतं. पहिल्या अर्ध्या तासात काचेला जो तपकिरी लेप बसतो तो पुढचा सगळा प्रकाश खातो. वायू सुरुवातीला झरझर येतो आणि मग थांबतो, असं दिसलं की आत टॉर्च मारून बघा. द्रावण पातळ केलं आणि जोरात ढवळलं तर थर बसतच नाही किंवा नगण्य बसतो.

अझाइड खरंच अझाइड आहे का

हे पहिल्यांदा तपासायला हवं, पण लोक शेवटी तपासतात, म्हणून मीही इथे लिहितोय. इन्फ्रारेडमध्ये २१०० ते २१३० सेमी⁻¹ मध्ये टोकदार, जोरदार पट्टा असला पाहिजे, बऱ्याचदा तो दुभंगलेला असतो. तो बारीक झाला असेल तर बाटली उन्हात किंवा ट्यूबलाइटखाली पडून राहिली आहे. दुसरी झटपट खूण: थोडं ईथर किंवा टीएचएफ घेऊन त्यात अझाइडचा एक थेंब टाका आणि ट्रायफिनाइलफॉस्फीनचे दोन-चार स्फटिक. बुडबुडे सुटले पाहिजेत. ही श्टाउडिंगरची रिअ‍ॅक्शन, १९१९ ची, आणि ती तुमच्या कामाला पुढे आणखी एकदा येणार आहे.

ताजं फिनाइल अझाइड पिवळसर तेल असतं. गडद झालं असेल तर कमी दाबावर ऊर्ध्वपातन करावं लागतं, ५ मिमी दाबावर ते ५० अंशांच्या आसपास येतं. जास्त तापवू नका, शिल्डमागे करा आणि आरबी (गोल बुडाचा फ्लास्क) कोरडी पडेपर्यंत ओढू नका. अझाइडसाठी जुना आडाखा असा की कार्बन आणि ऑक्सिजनच्या अणूंची बेरीज नायट्रोजनच्या अणूंच्या तिप्पट तरी हवी. फिनाइल अझाइडमध्ये सहा कार्बन आणि तीन नायट्रोजन, म्हणजे गुणोत्तर दोनच. नियमात बसत नाही, म्हणून मोठ्या प्रमाणात साठवून ठेवायचा पदार्थ नाही तो. बनवताना सोडियम अझाइड वापरत असाल तर डायक्लोरोमिथेन जवळ आणू नका, डायअझिडोमिथेन तयार होतं आणि ते उगीच फुटतं. उरलेलं सोडियम अझाइड सिंकमध्ये नाही, तांब्या-शिशाच्या पाइपात त्याचे स्फोटक क्षार बसतात. आम्लात तर अजिबात नाही, त्यातून होणारं हायड्रॅझोइक आम्ल विषारीही आहे आणि फुटणारंही.

‘मला अझेपीन नको, अझोबेन्झीन हवंय’ आणि उलट

काहींना नारिंगी डाग हवा असतो. नायट्रीनची ट्रिपलेट अवस्था सिंगलेटपेक्षा खाली असते आणि ट्रिपलेट एकमेकांना भेटले की अझोबेन्झीन होतं. तक्रार अशी येते: ‘ड्राय आइस-ॲसिटोनच्या बाथमध्ये उणे ७८ ला लावलं तरी अझेपीनच जास्त.’ ही मला फार आवडणारी तक्रार आहे, कारण तिचं उत्तर कागदावर काढता येतं.

सिंगलेट नायट्रीनसमोर दोन वाटा असतात. एक, वलय फुगवून केटेनिमाइन होणं. याला साधारण ५.६ किलोकॅलरी प्रति मोलचा उंबरठा आहे. दोन, इलेक्ट्रॉनची फिरकी उलटून ट्रिपलेट होणं. याला उंबरठा जवळजवळ नाही, सेकंदाला साधारण ३२ लाख या वेगाने ते होत राहतं, गरम असो की गार. खोलीच्या तापमानाला पहिल्या वाटेचा वेग सेकंदाला नव्वद कोटीच्या घरात जातो. ३२ लाखांची वाट तिथे कुणाच्या नजरेसही पडत नाही. आता तापमान उतरवा. तापमानावरून वेग काढणाऱ्या आऱ्हेनियसच्या समीकरणात १९५ केल्विन घाला, म्हणजे उणे ७८ अंश. पहिल्या वाटेचा वेग येतो सेकंदाला साधारण ६५-७० लाख. अजूनही दुप्पट! तीनातले दोन नायट्रीन केटेनिमाइनकडेच जातात. दोन्ही वाटा सारख्या होतात त्या १८५ केल्विनच्या आसपास, म्हणजे उणे ८८ ला. ड्राय आइसचा बाथ दहा अंशांनी कमी पडतो.

आणि हे नुसतं गणित नाही. १९८६ मध्ये प्लाट्झ आणि विर्झ यांच्या गटांनी डायइथिलअमाइनच्या सोबतीने वेगवेगळ्या तापमानांना प्रयोग केले, तेव्हा १८० केल्विनच्या वर अझेपीन आणि १६० च्या खाली अझोबेन्झीन, असंच निघालं. तेव्हा अझोबेन्झीन हवं असेल तर द्रव नायट्रोजन आणि इथेनॉलचा लगदा करा, तो उणे ११५ च्या आसपास जातो. द्रव नायट्रोजनमध्येच काचेसारखं गोठवलं तर ट्रिपलेट अडकून पडतं आणि ईएसआरवर (जोडी नसलेले इलेक्ट्रॉन दाखवणाऱ्या यंत्रावर) दिसतं, तसं ते १९६२ पासून लोक बघत आलेत. किंवा थंड करायची कटकट नको असेल तर ट्रिपलेट सेन्सिटायझर वापरा, म्हणजे वरच्या ॲसिटोनसारखा आपली ट्रिपलेट ऊर्जा अझाइडला देणारा पदार्थ.

टीएलसीवर अझोबेन्झीन ओळखताना एक गोची होते. हेक्झेनमध्ये वर पळणारा नारिंगी डाग दिसतो, आणि त्याच्या बऱ्याच खाली आणखी एक पिवळट. मुलं लिहितात ‘दोन पदार्थ’. दोन नाहीत, ट्रान्स आणि सिस. दिव्याखाली सिस तयार होतं, ते जास्त ध्रुवीय असल्याने खाली राहतं. नमुना अंधारात, थोड्या ऊबेत ठेवा आणि पुन्हा टीएलसी घ्या, खालचा डाग मावळलेला दिसेल.

काही अझाइडांना तापमानाची पर्वा नसते. पॅरा जागी (वलयावर अझाइडच्या बरोबर समोर) डायमिथिलअमिनो असेल तर फिरकी उलटण्याचा वेग इतका वाढतो की खोलीच्या तापमानालाही ट्रिपलेटच जिंकतं. पॅरा-नायट्रोलाही अझेपीनची फारशी हौस नाही. अशा रेणूतून अझेपीन काढायचा प्रयत्न करत असाल तर रेणू बदला, चिकाटीचा इथे उपयोग नाही. उलट बाजूला, दोन्ही ऑर्थो जागी (अझाइडच्या लगतच्या) फ्लोरीन बसवले तर वलय फुगण्याचा उंबरठा आठच्या घरात जातो, पेंटाफ्लोरो फिनाइल अझाइडमध्ये आणखी थोडा वर. तेवढ्याने सिंगलेट नायट्रीनला एकाऐवजी कित्येक दहा नॅनोसेकंद मिळतात, आणि मग ते खरंच पुस्तकातल्यासारखं वागतं, सी-एच बंधात घुसतं. माझ्या वहीतलं ते पहिलं वाक्य या अझाइडसाठी लिहिलं असतं तर बरोबर ठरलं असतं. ऑर्थो जागी फिनाइल असेल, म्हणजे २-अझिडोबायफिनाइल, तर हातातच जागा असल्याने कार्बाझोल होतं. स्मिथ आणि ब्राउन यांनी हे १९५१ मध्येच दाखवलं, आणि पहिल्यांदा फोटोरिअ‍ॅक्टर लावणाऱ्याने खरं तर हीच रिअ‍ॅक्शन करावी, हात बसतो.

ऑक्सिजनबद्दल दोनच ओळी. केटेनिमाइनला त्याचा फारसा त्रास नाही, ट्रिपलेटला आहे. नायट्रोबेन्झीन किंवा नायट्रोसोचा वास-रंग दिसला तर तुमचं डीगॅसिंग कच्चं आहे.

पाण्याचं मात्र बघायला हवं, विशेषतः जुलैत. अमाइन कमी आणि टीएचएफ ओलं असेल तर केटेनिमाइनवर पाणी बसतं आणि अझेपिनोन मिळतं, इन्फ्रारेडमध्ये कार्बोनिलचा पट्टा दिसतो. ‘अमाइडसारखं काहीतरी आलंय, कुठून आलं’ असा प्रश्न पडला तर बाटलीचं बूच बघा. पाण्यासोबत आम्लही असेल तर गोष्ट आणखी निराळी, सिंगलेट नायट्रीन प्रोटॉन घेऊन नायट्रीनियम आयन होतं. बायफिनाइल आणि फ्लोरीनच्या वलयांवरच्या अझाइडांना तर नुसतं पाणीही पुरतं, हे मॅक्लेलंड यांनी १९९० च्या दशकात दाखवलं. हा आयन डीएनएमधल्या ग्वानिनला चिकटतो, म्हणून ॲरोमॅटिक अमाइन कर्करोग कसे करतात हे अभ्यासणारे लोक अझाइडवर उजेड टाकत बसतात. (फ्लोरीन म्हणजे इथे वलय, मूलद्रव्य नव्हे. मराठीत दोन्ही सारखंच लिहिलं जातं, त्याला मी काय करू?)

बायोकेमिस्ट्रीवाल्यांसाठी

शेजारच्या विभागातून तक्रार येते ती डांबराची नसते: ‘प्रोब प्रोटीनला चिकटतच नाही.’ ॲरिल अझाइड असलेल्या प्रोबने, म्हणजे खूण करणाऱ्या रेणूने, प्रोटीनला खूण करायची पद्धत फ्लीट, पोर्टर आणि नोल्स यांनी १९६९ मध्ये आणली, आणि तिची ही तक्रारही जवळपास तेवढीच जुनी. आधी बफरची कृती दाखवा म्हणून सांगतो. त्यात डायथायोथ्रायटॉल असतंच. ते अझाइडला अंधारातच अनिलीन करून टाकतं, उजेडाची पाळीच येत नाही. ते डायलिसिसने काढा किंवा प्रोब घालण्याच्या आधी काढून घ्या. दुसरं, ट्रिस. ट्रिस हे स्वतः अमाइन आहे आणि ५० मिलिमोलर म्हणजे तुमच्या प्रोटीनच्या हजारोपट, केटेनिमाइन आधी त्यालाच पकडणार. फॉस्फेट वापरा. तिसरं, साधं फिनाइल अझाइड असलेला प्रोब मुळात प्रोटीनमधल्या लायसीनसारख्या जागा शोधतो, जवळचा सी-एच नव्हे. जिथे लागला तिथेच चिकटावा असं वाटत असेल तर टेट्राफ्लोरो अझाइडचा प्रोब घ्या.

जाता जाता: आपण ज्या डांबराला शिव्या देतो ते काही काळ एका उद्योगाला मुद्दाम हवं होतं. सेमीकंडक्टरच्या सुरुवातीच्या दशकांत चिपवर नक्षी उमटवायला वलयीकृत रबर आणि दोन टोकांना अझाइड असलेला रेणू यांचा लेप लावत. जिथे प्रकाश पडेल तिथे रबराच्या साखळ्या एकमेकींना घट्ट बांधल्या जात, बाकीचा लेप धुऊन निघे. त्यांनाही ऑक्सिजनचा त्रास व्हायचाच, तेही नायट्रोजन सोडायचे.

जॅकेट कसं साफ करायचं

डांबर झालंच असेल तर. ॲसिटोनने काही होत नाही, उगाच बाटल्या संपवू नका. आधी द्रावणात अझाइड उरलं नाही याची खात्री करा: ट्रायफिनाइलफॉस्फीन घालून बुडबुडे थांबेपर्यंत ठेवा, ती श्टाउडिंगरची रिअ‍ॅक्शन इथे दुसऱ्यांदा कामाला येते. मग तो माल कचऱ्याच्या ऑरगॅनिक डब्यात. जॅकेट आयसोप्रोपॅनॉल-केओएचच्या बेस बाथमध्ये तास-दोन तास, रात्रभर नाही, कारण क्षार क्वार्ट्झला हळूहळू खातो आणि धुरकट झालेलं जॅकेट कायमचं गेलं. बाहेर काढून भरपूर पाणी, मग नखाने खरवडून बघा. खपली पापुद्र्यासारखी सुटते. जी सुटणार नाही तिच्यावर तारेची घासणी नाही. पुन्हा एक तास बाथ, पुन्हा पाणी. शेवटी जॅकेट उजेडाकडे धरून पाहा, आरपार स्वच्छ दिसलं तरच पुढची रिअ‍ॅक्शन लावा, आणि ती १२० मिलिग्रॅमचीच.